वीस मिनिटांचे भय

रोहन परशुराम कानवडे यांनी २०१९ साली ‘उ उषाचा’ नावाचा एक मराठी लघुपट केला. त्याची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. शेतमजुरी करून एकटीने संसार ओढणारी एक निरक्षर बाई गावच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिकेकडे ओढली जाते, आणि त्या ओढीपोटी तिला अक्षरे शिकावीशी वाटू लागतात. शिकता शिकता ती जे वाचू लागते, त्यात पाटीवरच्या अक्षरांबरोबर तिचे स्वतःचे मनही असते. त्याआधी दोन वर्षे, २०१७ साली, फराज़ आरिफ़ अन्सारी यांचा ‘सिसक’ हा लघुपट आला होता. सिसक म्हणजे दाबून धरलेला हुंदका. मुंबईच्या लोकलगाडीतून दिवसाअखेर घरी परतणारे दोन अपरिचित पुरुष एकमेकांस पाहतात, पुन्हा पाहतात; आणि सबंध चित्रपटात दोघांच्या तोंडून एक शब्दही निघत नाही.

हे दोन्ही लघुपट सुमारे वीस मिनिटांचे आहेत. परप्रांतांतील आमची महाराष्ट्र मंडळे वर्षाकाठी जे कार्यक्रम करतात, त्यांत या वीस मिनिटांस जागा मिळालेली आमच्या पाहण्यात नाही. नाटके होतात, नाट्यगीतांच्या बैठकी होतात, दिवाळी पहाट होते, पाककृतींच्या स्पर्धा होतात. अलीकडे लघुपटांचे महोत्सवही होऊ लागले आहेत. परंतु दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या परस्परओढीचा विषय निघाला की कार्यकारिणीची बैठक एकाएकी पुढच्या विषयाकडे वळते. ठराव मांडला जात नाही, फेटाळलाही जात नाही. तो केवळ इतिवृत्तात येत नाही. फाइल न नाकारता दाबून ठेवण्याची ही रीत आमच्या अधिकारी वाचकांस चांगली ठाऊक आहे. तेव्हा आम्ही हा विषय येथे उघडपणे पटलावर ठेवीत आहोत. आमचे म्हणणे असे की, हे लघुपट मंडळांनी दाखविले पाहिजेत, आणि ते न दाखविण्याची जी कारणे सांगितली जातात, त्यांपैकी एकही कसोटीस उतरत नाही.

पहिले कारण सांगतात ते असे की, हे कार्यक्रम सहकुटुंब असतात. लहान मुले असतात, सासूसासरे असतात. त्यांच्यासमोर हे कसे दाखवावे? आक्षेप खरोखर मुलांपुरताच असता, तर त्याचे उत्तर सोपे होते. रात्री साडेनऊचा खेळ ठेवावा, प्रौढांसाठी आहे असे पत्रिकेत छापावे, आणि मोकळे व्हावे. एवढा सोपा उपाय असूनही जेव्हा तो कोणास सुचत नाही, तेव्हा अडचण मुलांची नसते हे उघड आहे.

शिवाय याच सभागृहांत आम्ही सहकुटुंब काय काय पाहिले आहे, तेही एकदा आठवावे. बायकी चालीचा, मान वेळावणारा, हात हलवून बोलणारा पुरुष रंगमंचावर आला की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हशा पिकतो. विनोदी नाटकांनी आणि चित्रपटांनी या पात्रावर वर्षानुवर्षे गल्ला भरला आहे. त्या हशात सासूसासरे असतात, मुलेही असतात, आणि कोणालाही संकोच वाटत नाही. म्हणजे असा मनुष्य रंगमंचावर यावा याला आमची हरकत नाही. तो हसण्यासाठी यावा एवढीच आमची अट आहे. तोच मनुष्य हात न हलवता, मान न वेळावता, कचेरीतून थकून परतणाऱ्या कोणाही माणसासारखा गाडीत उभा राहिला आणि समोरच्याकडे पाहताना स्वतःस ओळखू लागला, की मात्र तो आम्हास अश्लील वाटतो. यातील अश्लील काय, हे कोणी आम्हास समजावून सांगेल तर बरे होईल.

दुसरा आक्षेप कलेच्या भाषेत केला जातो, म्हणून तो अधिक सभ्य दिसतो. म्हणतात की, या लघुपटांत घडत तर काहीच नाही. दोघे अवचित भेटतात, एकमेकांकडे पाहतात, आणि संपते. योगायोगावर उभारलेली गोष्ट ही कच्ची गोष्ट, असे आमच्या समीक्षेने शिकविले आहे.

या आक्षेपात थोडे सत्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. या विषयावरचे कित्येक लघुपट सामान्य असतात. पाऊस, गाडी, रिकामा फलाट, एक लांबलेला दृष्टिक्षेप, ही सामग्री वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. विषय धीट आहे म्हणून कृती चांगली ठरत नाही. आणि वाईट लघुपटास केवळ सहानुभूतीपोटी टाळ्या वाजवाव्यात, असे आम्ही कोणासही सांगणार नाही. परंतु वाईट ठरविण्यासाठीही आधी पाहावे लागते. न पाहता दिलेल्या निकालास समीक्षा म्हणत नाहीत.

आणि अवचित भेटीविषयी म्हणाल, तर ती येथे लेखकाची सोय म्हणून येत नाही. आपल्या समाजात बहुसंख्यांच्या मीलनासाठी केवढी यंत्रणा उभी आहे, ती पाहा. वधूवर सूचक मंडळे आहेत, पत्रिका आहेत, पोहे आहेत, मामा आहेत, आत्या आहेत, दूरच्या शहरी बदली झाली तरी तेथपर्यंत छायाचित्र पाठविणारे स्नेही आहेत. ज्यास कोणी आवडावे, त्यास ते आवडण्याआधीच माहिती पुरविली जाते: वय, उंची, गोत्र, वेतनश्रेणी. इतक्या तयारीनंतर योगायोगास काही कामच उरत नाही. पण ज्याच्या मनाची ओढ निराळी आहे, त्याच्यासाठी यांपैकी एकही दार उघडे नाही. त्याच्या मामास ते माहीत नाही, पत्रिकेत त्याचा रकाना नाही. त्याला आपल्यासारखा दुसरा भेटायचा तर तो गाडीतच भेटणार, रस्त्यावर भेटणार, कोणीही योजना न करता भेटणार. आता मोबाइलवर त्यासाठी सोयी झाल्या आहेत खऱ्या; पण तेथे फसवणुकीचे आणि धमकावून पैसे उकळण्याचे भयही आहे, आणि घरच्यांच्या पाठबळाने येणारी निर्धास्तता तेथे नाही. म्हणून या गोष्टींत अवचित भेट असते. तिच्या जागी दुसरे काही घातले असते, तरच ती गोष्ट खोटी झाली असती.

‘सिसक’मध्ये संवाद नाहीत, हेही याच न्यायाने समजून घ्यावे. २०१७ साली तो चित्रपट आला, तेव्हा भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम जिवंत होते. ज्या गोष्टीस कायदा गुन्हा म्हणतो, ती गोष्ट दोन अनोळखी माणसे गर्दीच्या डब्यात मोठ्याने कशी बोलणार? त्यांचे मौन हा त्या वर्षीच्या हिंदुस्थानचा वस्तुपाठ आहे.

तिसरे कारण संस्कृतीचे. हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आमच्याकडे असले काही नव्हते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो की, ३७७ वे कलम कोणी लिहिले? मेकॉलेच्या विधी आयोगाने मसुदा केला, १८६० साली संहिता संमत झाली, आणि १८६२ च्या प्रारंभापासून ती अंमलात आली. ज्यांनी हे कलम आम्हास दिले, त्या इंग्लंडने आपल्या घरातील असा कायदा १९६७ साली सैल केला. आम्ही मात्र त्यांचे दिलेले कलम २०१८ पर्यंत, म्हणजे आणखी एक्कावन्न वर्षे, आपली संस्कृती म्हणून कवटाळून बसलो. परके काही असेलच, तर ते हे कलम होय.

आणि मराठीपुरते बोलायचे, तर विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुमित्रा मराठी मध्यमवर्गीय घरातील आहे आणि तिची वेदना मराठीत बोलते. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२ चा. महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या निकट संबंधाचा आणि त्यावर उठलेल्या गदारोळाचा उल्लेख त्यात आहे. तो चित्रपट आमच्या बहुतेक वाचकांनी सहकुटुंब पाहिला असेल. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ ची. एकाच घरातील भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात, असे तिचे कथासूत्र आहे. आणि ‘उ उषाचा’ करणाऱ्या त्याच कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा दीर्घ चित्रपट २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातील सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक घेऊन आला. त्यात काय आहे? वडील वारल्यावर मुंबईहून गावी आलेला मुलगा आहे, दहा दिवसांचे सुतक आहे, लग्नाचे कधी बघतोस म्हणून टोचणारे नातलग आहेत, आणि बालपणीचा एक मित्र आहे. सुतकाहून अधिक देशी असे आणखी काय हवे? परदेशच्या परीक्षकांना ज्यात मराठी माणूस दिसला, त्यात आम्हास तेवढे परदेश दिसावे, याला काय म्हणावे?

चौथे कारण शहाण्यांचे आहे, आणि आमचे बहुतेक वाचक शासकीय सेवेत असल्यामुळे तेच आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते असे: कायदा तर बदलला. न्यायालयाने निकाल दिला. आता कोणी कोणास त्रास देत नाही. मग पुन्हा चित्रपट दाखवून विषय उकरून काढण्याचे प्रयोजन काय?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही तर्काने देत नाही, एका मराठी माणसाच्या आयुष्याने देतो. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते आणि तेथील आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. मूळचे नागपूरकडचे. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहास २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार लाभला होता. म्हणजे आमच्यातलेच एक: नोकरीनिमित्त परप्रांतात आयुष्य काढलेले, मराठी लिहिणारे, मराठी शिकविणारे. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही जण कॅमेरे घेऊन त्यांच्या निवासस्थानात घुसले आणि त्यांच्या अत्यंत खासगी क्षणांचे चित्रण केले. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने घुसणाऱ्यांची नव्हे, सिरसांचीच चौकशी मांडून त्यांना निलंबित केले. निवृत्तीस तेव्हा थोडेच महिने उरले होते. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. ७ एप्रिल रोजी ते आपल्या राहत्या जागी मृतावस्थेत आढळले.

आता तारखा नीट पाहाव्यात. परस्परसंमतीने वागणाऱ्या प्रौढांस ३७७ वे कलम लागू करता येणार नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच दिला होता. अलीगढची घटना त्यानंतर सात महिन्यांनी घडली. निकाल सिरसांच्या बाजूचा होता. पण तो निकाल दाराशी उभा राहून कॅमेरेवाल्यांना अडवू शकला नाही, निलंबनाच्या आदेशावर सही करणारी लेखणी थांबवू शकला नाही. आणि उच्च न्यायालयाचा आदेश हाती आल्यानंतर सिरस जेमतेम एक आठवडा जगले. न्यायालय माणसास त्याचे पद परत देऊ शकते. शेजाऱ्यांची नजर परत सरळ करून देणे त्याच्या हाती नाही. हंसल मेहता यांच्या ‘अलीगढ’ या चित्रपटामुळे पुढे देशाने हे नाव ऐकले; त्याआधी आमच्यापैकी कितीजणांस ते ठाऊक होते, याचा प्रत्येकाने स्वतःशी हिशेब करावा.

पुढचा इतिहासही असाच मागेपुढे होणारा आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरविला आणि कलम पुन्हा जिवंत झाले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने संमतीने वागणाऱ्या प्रौढांपुरते ते रद्द केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला, आणि अशा जोडप्यांच्या व्यावहारिक अडचणींचा विचार मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने करावा, हे शासनाचे म्हणणे नोंदवून घेतले. ती समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्यानंतर जे निघाले, ते आमच्या वाचकांच्या टेबलांवरून गेले असेल. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांस एकाच कुटुंबातील मानावे, असे राज्यांस कळविण्यात आले. एकत्रित बँकखाते उघडण्यास आणि जोडीदारास नॉमिनी करण्यास कोणतेही बंधन नाही, असे वित्तीय सेवा विभागाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले. जवळचे नातलग उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदारास मृतदेह ताब्यात घेता यावा, असे आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्यात राज्यांस लिहिले.

ही पत्रे चांगली आहेत. आम्ही त्यांचे स्वागत करतो. पण पत्र कसे चालते, हे अधिकाऱ्यांइतके कोणास ठाऊक आहे? मंत्रालयातून ते निघते, आवक नोंदवहीत त्यास क्रमांक पडतो, आणि अखेर ते खिडकीमागे बसलेल्या एका माणसापाशी येऊन थांबते. दोन स्त्रिया शिधापत्रिकेचा अर्ज घेऊन त्या खिडकीशी उभ्या राहतात. रुग्णालयाच्या शवागाराबाहेर एक पुरुष सांगतो की, आत आहे तो माझा माणूस आहे. त्या क्षणी खिडकीमागच्या माणसाने वर पाहून काय करायचे, हे परिपत्रक सांगू शकते. पण ‘नाते काय?’ हा प्रश्न कोणत्या स्वरात विचारायचा, ते परिपत्रकात लिहिलेले नसते. तो स्वर माणूस इतरत्र शिकतो: घरात शिकतो, शेजारात शिकतो, नाटक-चित्रपट पाहून शिकतो. बायकी पुरुषावर हसायला शिकविणारी तीन तासांची नाटके आम्ही त्यास भरपूर दाखविली. निराळे काही शिकविणारी वीस मिनिटे दाखविण्यास आमचा नकार आहे, आणि कायदा बदलला म्हणून सारे झाले, असा आमचा दावा आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

शेवटी एक गोष्ट खास आमच्या परप्रांतस्थ मराठी वाचकांसाठी. परमुलखातील मंडळ पुण्या-मुंबईच्या सभागृहासारखे नसते. तेथे एका कार्यक्रमाचे दार बंद झाले तर दुसरे दार उघडे असते. मुंबईत तर २०१० पासून या विषयावरील चित्रपटांचा स्वतंत्र महोत्सव भरतो. येथे मराठीचे दार एकच. बदलीच्या गावी आलेला मनुष्य कचेरीत हिंदी बोलतो, टिपणे इंग्रजीत लिहितो, बाजारात त्या प्रांताची भाषा जमेल तशी ओढतो. आणि आईने ज्या भाषेत हाक मारली, ती भाषा ऐकण्यासाठी रविवारी मंडळात येतो. त्या खुर्च्यांत चाळिशीला आलेला एखादा अविवाहित अधिकारी असतो, ज्यास दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हटकून तोच प्रश्न विचारला जातो. एखादी मुलगी असते, जिला आपल्याविषयी काही उमगू लागले आहे आणि त्यास मराठीत काय म्हणतात हे माहीत नाही. मराठीत तिला त्यासाठी शिव्या तेवढ्या ऐकू आल्या आहेत, किंवा विनोद. उरलेले सारे तिने इंग्रजीत वाचले आहे. स्वतःच्या अगदी आतल्या गोष्टीसाठी मातृभाषा सोडून जावे लागणे, याहून मोठी परागंदा अवस्था कोणती? आम्ही मंडळे मराठी टिकविण्यासाठी चालवितो, असे आमच्या घटनेत लिहिलेले असते. मग ज्यांना मराठीत राहायचे आहे, त्यांना मराठीतून बाहेर घालविण्याचा अधिकार आम्हास कोणी दिला?

‘उ उषाचा’ या नावातच याचे उत्तर आहे. अंकलिपीत आपण उ उखळाचा म्हणून शिकलो. ती बाई तेच अक्षर आपल्या नावाचे म्हणून शिकते. वर्णमाला तीच आहे. तीत एक उदाहरण तेवढे वाढले आहे. त्याने उखळाचे काही बिघडत नाही.

तेव्हा आमची सूचना साधी आहे आणि ती आम्ही प्रत्येक मंडळाच्या कार्यकारिणीपुढे ठेवतो. येत्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक संध्याकाळ लघुपटांसाठी राखावी. निर्मात्यांची रीतसर परवानगी घ्यावी, मानधन द्यावे. या विषयावरचा लघुपट युवा विभागाच्या नावाखाली मागल्या खोलीत दाखवू नये. मुख्य सभागृहात, अध्यक्ष पहिल्या रांगेत बसलेले असताना दाखवावा. नंतर अर्धा तास चर्चा ठेवावी, आणि ज्यांना तो आवडला नाही, त्यांनाही बोलू द्यावे; कृती वाईट असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. कोणाही सभासदास त्याच्या आयुष्याविषयी तेथे प्रश्न विचारू नये. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार असेल, तर कचेरीत गेल्यावर २०२४ ची ती पत्रे आपल्या शाखेत कोठवर पोहोचली आहेत, एवढे प्रत्येकाने पाहून घ्यावे.